मदत हवी आहे: पुणे-चिपळूण प्रवासासाठी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?

नमस्कार मंडळी. आमची डिझेल गाडी अकरा वर्षांची झाली. रोज कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात, त्यासाठी इलेक्ट्रिक सोयीचीच. ४५ किलोवॉट-तास बॅटरीची नेक्सॉन बघून आलो, आवडलीही.

अडतंय ते गावाकडे. आई-बाबा चिपळूणजवळ एकटेच असतात. बाबांना हृदयाचा त्रास, त्यामुळे कधीकधी रात्री-अपरात्री निघावं लागतं. उंब्रज, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट, असे सव्वादोनशेच्या वर किलोमीटर. उतरताना बॅटरीत थोडी भर पडते म्हणतात, पण परतताना चार माणसं, सामान आणि एसी लावून घाट चढला की किती टक्के उतरते? पाटण-कोयना पट्ट्यात रात्री चालू असणारा फास्ट चार्जर कोणी स्वतः वापरलाय का? गावी पंधरा अँपिअरचा सॉकेट आहे. त्यावर पूर्ण चार्जला पंधरा-सतरा तास लागतील, तेही पावसाळ्यात वीज टिकली तर.

सोसायटीत पार्किंगपर्यंत आपल्या मीटरची केबल नेण्याची परवानगी कोणी कशी मिळवली, तेही सांगा. आमची कमिटी आगीच्या भीतीने तयार नाही.

या रस्त्यावर प्रत्यक्ष गाडी चालवलेल्यांनी कृपया लिहा. दिवाळीआधी ठरवायचं आहे.