‘सद्दी संपली’ म्हणावे की ‘कस गेला’?

खानापूरहून प्रश्न :
सर्वांना नमस्कार. आवडती विनोदी मालिका किंवा स्वतंत्र संगीत करणारा एखादा बँड पूर्वीसारखा राहिला नाही, हे सांगताना आमच्या बोलण्यात ‘सद्दी संपली’, ‘उतरती कळा लागली’, ‘रया गेली’ आणि ‘कस गेला’ हे सगळे शब्दप्रयोग एकमेकांच्या जागी येतात. घरात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही वाहिन्या चालत असल्याने कन्नडमधला ‘सप्पे’ हा शब्दही सहज तोंडी येतो. यांपैकी कोणता शब्द कोठे वापरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बेळगावहून उत्तर :
या शब्दांतली मुख्य फोड ‘सद्दी’ आणि ‘कस’ यांच्यात आहे, आणि ती पाळली नाही तर चाहत्याच्या हातून कलावंतावर अन्याय होतो असे मला मनापासून वाटते. सद्दी म्हणजे चलतीचा, वर्चस्वाचा काळ. तो लोक देतात आणि लोकच काढून घेतात. कस मात्र अंगचा असतो. सोन्याचा कस कसोटीवर पाहतात, जमिनीचा पिकावरून कळतो, आणि वर्षानुवर्षे उसावर ऊस घेत राहिले की जमिनीचा कस जातो, हे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही मालिका २८ जुलै २००८ रोजी सुरू झाली आणि तिचे चार हजारांहून अधिक भाग झाले. तिची सद्दी संपली असे कोणीही म्हणू शकणार नाही, कारण जेवणाच्या वेळी ती लावणारी घरे आजही आपल्या गल्लीत आहेत. पण सुरुवातीच्या भागांत जेठालाल स्वतःच रचलेल्या थापेत स्वतः अडकत असे, आणि त्या थापेला त्याचा लोभ, वडिलांचा धाक किंवा खाण्याची हौस असे माणसाच्या स्वभावातले काही ना काही कारण असे. पुढे पुढे एकच गैरसमज चार-पाच भाग ताणायचा, प्रत्येकाचा दचकलेला चेहरा एकामागून एक दाखवायचा आणि त्यावर तोच आवाज घालायचा, अशी रीत पडली. येथे सद्दी शाबूत असून कस गेला आहे. दयाची भूमिका करणाऱ्या अभिनेत्री २०१७ मध्ये मालिकेतून बाहेर पडल्या हे त्याचे कारण अनेकजण सांगतात. माझ्या मते ताणण्याची सवय त्याआधीच लागली होती.

‘साराभाई व्हर्सेस साराभाई’चे उदाहरण नेमके उलटे आहे. २००४ ते २००६ या काळात तिचा कस उत्तम होता, पण तेव्हा तिला मोठा प्रेक्षक लाभला नाही. लोकांचे प्रेम पुनःप्रक्षेपणांतून आणि इंटरनेटवरून मागाहून वाढत गेले. म्हणून २०१७ मध्ये ती नव्या भागांसह परत आली तेव्हा ‘सद्दी संपलेली मालिका परतली’ हे वर्णन तिला लागूच पडत नव्हते. ते नवे भाग मला फिके वाटले, हे मात्र खरे.

संगीताबाबत आधी आणखी एक घोळ निस्तरावा लागतो. १९९० च्या दशकातले ‘इंडीपॉप’ आणि आज आपण म्हणतो ते ‘इंडी’ हे एक नव्हेत. इंडीपॉपच्या कॅसेटी बहुतांशी मोठ्या कंपन्या काढत आणि संगीतवाहिन्या ती गाणी दिवसभर दाखवत. इंडी म्हणजे कंपनीच्या छत्राबाहेर राहून केलेले संगीत. वाहिन्यांनी चित्रपटगीतांकडे मोहरा वळवला तेव्हा इंडीपॉपची सद्दी संपली, हा शब्दप्रयोग तेथे शंभर टक्के बरोबर आहे. तेवढ्यावरून त्या गायकांचा कस गेला असे ठरत नाही. २०२० च्या अखेरीस लकी अली गोव्यात हाती गिटार घेऊन आपले जुने गाणे गात असल्याच्या चित्रफिती देशभर पाहिल्या गेल्या. आवाज थकलेला होता, पण गाण्यातला जीव तसाच होता.

‘उतरती कळा’ हा शब्दप्रयोग हळूहळू होणाऱ्या घसरणीसाठी राखावा. ‘रया’ म्हणजे वरचे तेज, त्यामुळे नेपथ्य, वेशभूषा किंवा ध्वनिमुद्रण निकृष्ट झाले असेल तर ‘रया गेली’ म्हणावे.

निपाणीहून शंका :
सर, आपली फोड पटली, परंतु दोन गोष्टी विचारायच्या आहेत. इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचे आम्ही जुने चाहते आहोत. त्यांचे गायक-तबलावादक असीम चक्रवर्ती २००९ मध्ये वारले, गिटारवादक सुश्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले, आणि त्यानंतरचा बँड ऐकताना काहीतरी हरवल्यासारखे वाटते. त्याला ‘कस गेला’ म्हणणे मला कठोर वाटते. दुसरे असे, की मालिका जेथून बिघडली त्या नेमक्या क्षणाला इंग्रजीत ‘शार्कवरून उडी’ असे नाव आहे. मराठीत काय म्हणावे?

बेळगावहून उत्तर :
आपले म्हणणे रास्त आहे, सर. असीम तबला वाजवता वाजवताच गात असत, त्यामुळे शब्दाचा श्वास आणि डग्ग्याचा घुमारा एकाच माणसाकडून येई. त्यांच्यामागे तबला एकाकडे आणि गायन दुसऱ्याकडे गेले. दोघेही तयारीचे कलावंत आहेत, पण दोन माणसांत वाटलेली लय तशीच्या तशी ऐकू येणार नाही. अशा ठिकाणी मी ‘पोत बदलला’ म्हणेन. ते ऐकताना होणारे दुःख खरे आहे, मात्र ते दुःख म्हणजे त्या बँडवरचा ठपका नव्हे.

शार्कवरची उडी ‘हॅपी डेज’ या अमेरिकन विनोदी मालिकेतली आहे. १९७७ मध्ये तिच्या एका भागात फॉन्झी नावाचे पात्र पाण्यावर घसरत जाऊन शार्कवरून उडी मारते. गंमतीची बाब अशी, की ती मालिका त्यानंतरही १९८४ पर्यंत चालली, म्हणजे पुन्हा सद्दी आणि कस यांची वाट वेगळीच. त्या क्षणासाठी ‘येथे मालिकेचा तोल सुटला’ हे मला पुरेसे वाटते. शब्दशः उडी मराठीत आणली तर ती प्रत्येक वेळी समजावून सांगावी लागेल.

‘सप्पे’बद्दल सांगायचे राहिले. आपल्या ‘सपक’ला तो अर्थाने अगदी जवळचा आहे. मीठ कमी पडलेल्या आमटीला आपण सपक म्हणतो, तसे एखाद्या भागाला म्हणता येईल. अख्ख्या मालिकेच्या अनेक वर्षांवर तो शब्द घालू नये. एक भाग सपक झाला तरी पुढचा चांगला निघू शकतो.