साथीच्या ड्यूटीत रेसिडेंटमधलं नैराश्य ओळखायचं कसं?

निवासी_प्रतिनिधी: पुढच्या साथीसाठी निवासी डॉक्टरांच्या समितीचा आराखडा करतोय. दर पंधरा दिवसांनी सगळ्यांकडून पीएचक्यू-९ (नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण) भरून घ्यायचा, १० किंवा वर गुण आले की मानसोपचार विभागाकडे पाठवायचं. पण सलग नाइटनंतर निम्मा वॉर्ड १० पार जाईल, त्याचं काय?

मनोविकार_ओपीडी: जाणारच. झोप, थकवा, भूक, एकाग्रता हे चार प्रश्न नुसत्या ड्यूटीनेही भरतात; त्यांचेच १२ गुण होऊ शकतात. म्हणून आधी पहिले दोन बघा: कशात रस न वाटणं आणि उदास वाटणं. दोन्ही मिळून ३ किंवा जास्त असतील तर थकवा म्हणून सोडू नका. फॉर्म नाइट संपल्या संपल्या नको, दोन रात्री नीट झोप झाल्यावर घ्या. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा. त्याला बेरीज लागत नाही. शून्य सोडून काहीही आलं तर त्याच दिवशी समोर बसून बोला, तोवर एकटं खोलीवर पाठवू नका. त्यामुळे बिननावी फॉर्म इथे कुचकामी. नाव हवं, पण कागद एचओडीकडे (विभागप्रमुखांकडे) जाता कामा नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही उपचारांची माहिती गोपनीय ठेवायची असते.

आणखी एक. आपली मंडळी मित्राकडून एसिटालोप्राम (नैराश्यावरची गोळी) लिहून घेतात, आठवड्यात मळमळतं, फरक दिसत नाही, सोडून देतात. फरक पडायलाच दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवायची. गोळीआधी हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ बघून घ्या, थकवा त्यामुळेही असू शकतो.

रोटावाला: फॉर्म ठीक, पण रोटा (ड्यूटीचं वेळापत्रक) तोच राहिला तर काय उपयोग? २०२१ ची नीट-पीजी (पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) ११ सप्टेंबरला झाली, प्रवेशाचं कौन्सेलिंग २०२२ च्या जानेवारीत सुरू झालं. तोवर जेआर-१ (पहिल्या वर्षाचे रेसिडेंट) नव्हतेच. तीन बॅचचं काम दोन बॅचवर. सलग १२ तासांहून जास्त ड्यूटी नको, हे १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेपासून कागदावर आहे. आराखड्यात दर वॉर्डाला एक राखीव रेसिडेंट लिहूनच टाका. रजा घेतली की ड्यूटी को-पीजीच्या (सोबतच्या रेसिडेंटच्या) गळ्यात पडते, म्हणून कुणी आजारी असल्याचं सांगतच नाही.

निवासी_प्रतिनिधी: आणि रात्री तीन वाजता कुणाला गाठायचं?

मनोविकार_ओपीडी: आपल्याच ऑन-कॉल मानसोपचार डॉक्टरशी बोलायची लाज वाटते, म्हणून टेलि-मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) १४४१६ पण लावा. चोवीस तास, मोफत, मराठीतही. नंबर ड्यूटीरूमच्या दाराआतून चिकटवा, नोटीसबोर्डावर नको.