लीड्सला चाललोय, तिथं डोंगरात सायकल कुठं घालू?

धुळेकर_हार्डटेल: सप्टेंबरात शिकायला इंग्लंडात लीड्सला निघतोय. लळिंगच्या पायथ्याला आपण वाट दिसली की सायकल घालतो, कोणी विचारत नाही. तिथं म्हणे शेतातल्या वाटेवर हटकतात. खरं का? आणि माझी हार्डटेल (फक्त पुढंच सस्पेन्शन असलेली सायकल) नेऊ का?

सातपुडा_पेडल: खरं आहे भो. पाटीवरचा बाण बघायचा. पिवळा म्हणजे फुटपाथ, फक्त पायी. निळा म्हणजे ब्रायडलवे, घोडा आणि सायकल दोघांना मोकळा. 1968 च्या कायद्यानं सायकलला परवानगी मिळाली, पण पायी माणसाला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. घोड्याच्या मागून गुपचूप जाऊ नको, लांबूनच हाक मार. बिथरला तर लाथ बसेल. फाटक असेल तसं सोड, मेंढ्या असतात.

खास सायकलच्या वाटा हव्यात तर डाल्बी फॉरेस्ट, उत्तर यॉर्कशायरात. तिथं रंग म्हणजे वाट किती अवघड ते: हिरवा सोपा, मग निळा, लाल, काळा. काळ्यावर उगाच मर्दुमकी नको.

चोपड्याचा_पंक्चरवाला: दक्षिणेला साउथ डाउन्स वे आहे, विंचेस्टर ते ईस्टबोर्न, 160 किलोमीटर, सगळा सायकलला खुला. खडूची जमीन, पावसात टायर घसरतं. आपल्या काळ्या मातीसारखं चाक जाम करणारी चिकणमातीही भेटेल.

हार्डटेल ने, पुरते. ट्यूबलेस कर मात्र. बाभूळ नाही, पण हॉथॉर्न या काटेरी झुडपाची कुंपणं छाटली की काटे वाटेवरच पडतात.

धुळेकर_हार्डटेल: म्हणजे काटे तिथंही! सीलंट, म्हणजे टायरातलं भोक बुजवणारं द्रव, इथूनच भरून घेतो.

सातपुडा_पेडल: विमानात टायरची हवा कमी कर. पेडल काढायला पंधराचा पाना लागेल, सोबत ठेव.