कॅराव्हॅन ओढायला जुनी व्ही-८ की नवी व्ही-६? (ऑस्ट्रेलिया, लँड क्रूझर)

रानवाट
मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. इथे अडीच-तीन टनांची कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) ओढायची असेल तर नवी लँड क्रूझर ३०० घेण्यापेक्षा २०२१ पर्यंत नवी मिळणारी लँड क्रूझर २०० जुन्या बाजारात शोधावी. ४.५ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरांचं) डिझेल, ६५० न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे ओढायचा जोर, सहा गिअर. एवढ्या इंजिनाला हे काम म्हणजे हातचा मळ. ३०० मध्ये ३.३ लिटरच्या व्ही-६ मधून ७०० काढलेत, दोन्ही टर्बो सिलिंडरांच्या बेचक्यात कोंबलेत, वर दहा गिअर. लहान इंजिन पिळून काढलं की ते लवकर थकणारच. २०२४ मध्ये अमेरिकेत टोयोटाला लाखभर गाड्या इंजिनापायी परत बोलवाव्या लागल्या, तेही विसरू नका.

दहाचा_पाना
रिकॉल टुंड्रा आणि लेक्सस एलएक्समधल्या ३.४ लिटर पेट्रोल इंजिनाचा होता हो. मशिनिंगचा कचरा आत राहिला होता. इथल्या ३०० चं डिझेल इंजिन वेगळं. डिझेलबाबत त्याच वर्षी गाजलं ते पॉवर चाचणीतल्या गडबडीचं प्रकरण. लाजिरवाणं खरं, पण त्याने इंजिन फुटत नाही.

आणि इंजिन इंजिन काय लावलंय? ओढताना आधी तापतो तो गिअरबॉक्स. इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा तो टॉर्क कन्व्हर्टर; चढावर त्याचं लॉकअप, म्हणजे थेट पकड, सुटलं की आत नुसतं तेल घुसळलं जातं आणि इंजिनाची ताकद उष्णतेत जाते. ओबीडीला (गाडीच्या संगणकाच्या सॉकेटला) स्कॅनर लावून बघा: सपाटीवर नव्वद अंशांच्या आसपास असलेलं तेल लांब चढाला १२० कडे सरकायला लागतं. सहा गिअरमध्ये दोन गिअरांतलं अंतर मोठं, म्हणून लॉकअप जास्त वेळा सुटतं. दहामध्ये ते कमी. म्हणजे तुमचं सहा गिअरचं कौतुक नेमकं उलटं आहे!

रानवाट
पुस्तकात ठीक आहे. प्रत्यक्षात तो दहावाला चढावर सारखा गिअर शोधत बसतो. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप धरणारं) लावून सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समधला व्हिक्टोरिया पास चढून दाखवा.

दहाचा_पाना
मागे तीन टन आणि क्रूझ लावून घाट? धन्य आहात. लिव्हर मॅन्युअलला टाका, गिअर धरून ठेवा.

पर्थवाली
तुम्ही दोघं वजनाबद्दल चकार शब्द काढत नाही आहात. ३०० ला कागदावर ३५०० किलो ओढायची मुभा आहे. गाडीचं भरलेलं कमाल वजन ३२८०. बेरीज ६७८०, आणि गाडी-कॅराव्हॅन मिळून परवानगी ६७५० ची! म्हणजे दोन्ही काठोकाठ भरताच येत नाहीत. शिवाय टो बॉलवर (कॅराव्हॅन अडकवायच्या गोळ्यावर) येणारं साधारण दहा टक्के वजन गाडीच्या खात्यात पडतं. तीन टनांचे झाले ३००. त्यावर बुलबार (पुढचा लोखंडी गार्ड), रूफ रॅक, दुसरी बॅटरी, फ्रीज, चार माणसं आणि सासूबाईंचे लाडवांचे डबे. गाडी कधीच ओव्हरलोड झालेली असते, शिव्या मात्र गिअरबॉक्सला. वेब्रिजवर (वाहनांच्या वजनकाट्यावर) वजन करून आलेला माणूस या वादात मला अजून भेटलेला नाही.

आणि वेग. ११० ऐवजी ९५ ने गेलात तर हवा कापायला लागणाऱ्या ताकदीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग वाचतो. फुकटातला गिअरबॉक्स कूलर!

व्ही८_प्रेमी
निसान पॅट्रोलचं नाव कुणीच घेत नाही? ५.६ लिटर पेट्रोल, टर्बो नाही, काजळीच्या फिल्टरची कटकट नाही. बिघडायला आहे काय त्यात?

पर्थवाली
खिसा. ओढताना शंभर किलोमीटरला वीस लिटरच्या वर पिते. नलरबॉरच्या ओसाड मैदानातल्या मधल्या पंपांवरचे भाव बघितलेत का?

मुळशीकर
पुण्यातून एक शंका. फॉर्च्युनर ऑटोमॅटिक, मागे ट्रॉलीवर छोटी बोट, ताम्हिणीतून कोकणात न्यायची आहे. गिअरबॉक्सला काही होईल का?

दहाचा_पाना
दादा, ताम्हिणी उतरताना काळजी ब्रेकची. वरूनच खालचा गिअर घ्या, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. परत येताना गिअरबॉक्सची.

रानवाट
वजनाचा मुद्दा मान्य. पण तो दोन्ही गाड्यांना लागू आहे, त्यामुळे माझं मत तिथंच: व्ही-८.

दहाचा_पाना
घ्या खुशाल. पण घेण्याआधी एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरची पेटी) उघडून फिल्टरच्या पलीकडल्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला पांढरं फडकं फिरवा. लाल धूळ आली तर मालकाला नमस्कार करून निघा, या इंजिनांनी धूळ खाल्ल्याची उदाहरणं आहेत. आणि गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं विचारा. "ते लाइफटाइम असतं" असं उत्तर आलं तर किंमत पाडा.

रानवाट
रविवारी एक बघायला जातोय. फडकं नेतो.