शरणपूरच्या आफ्रिकन मुलांची आठवण नाशिकने का ठेवावी?

गोदाकाठ :
शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, पण ते ‘शरण’ कोणाला मिळाले होते, हे फारसे कोणी विचारत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आरमाराने गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली काही आफ्रिकन मुले मुंबईमार्गे येथील मिशनच्या आश्रमात आली आणि सुतारकाम, लोहारकाम व इंग्रजी शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट 1872 साली आफ्रिकेत फिरणारा इंग्रजी मिशनरी व संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या मदतीला पाठवलेल्या तुकडीत होता. 1873 च्या मे महिन्यात, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचे हृदय झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचणारा आणि झाडावर लेख कोरणारा वेनराइटच होता. पुढे सहकाऱ्यांसह त्याने तो सुकवलेला देह नऊ महिने वाहून किनाऱ्यावर नेला. शरणपुरात त्याच्या नावाची पाटी असावी, असे माझे ठाम मत आहे.

जुनी पेठ :
मला हे पटत नाही. ज्यांचे नाव, भाषा आणि धर्म बदलले गेले, त्या मुलांचा गौरव करताना आपण नकळत मिशनचाच गौरव करतो. शिवाय त्या प्रवासाचे पुढारपण चुमा आणि सुसी या लिव्हिंगस्टनच्या जुन्या आफ्रिकन सोबत्यांकडे होते आणि ते दोघेही शरणपूरचे नव्हते. गोऱ्या प्रवाशाचा देह वाहणाऱ्यांची स्वामिनिष्ठा म्हणून ही कथा इंग्लंडात सांगितली गेली. तीच आपण मराठीत का सांगावी?

गोदाकाठ :
पुढारपणाबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे; माझ्या लिहिण्यातून ते निसटले. मात्र निव्वळ स्वामिनिष्ठा हा शब्द येथे अपुरा पडतो. वाटेत आजच्या टांझानियातील उन्यान्येंबे येथे इंग्रज अधिकारी कॅमेरन भेटला आणि देह येथेच पुरावा, असे त्याने सुचवले. या माणसांनी ते साफ नाकारले. पुढे एका गावाने प्रेत नेण्यास हरकत घेतली, तेव्हा त्यांनी खोटे गाठोडे मागे पाठवून दफनाला नेत असल्याचे भासवले आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे नेला. हुकूम देणारा मेलेला होता आणि जिवंत अधिकाऱ्याचा सल्ला त्यांनी धुडकावला होता, म्हणजे निर्णय सर्वस्वी त्यांचाच होता.

तिसरा वाचक :
वेनराइटची रोजनिशी 1874 साली जर्मन भाषांतरात छापली गेली आणि त्याच वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. नाशिकमध्ये शिकलेल्या मुलाने लिहिलेला हा मजकूर मराठीत यावा, पाटी नंतर लागली तरी चालेल.

जुनी पेठ :
कॅमेरनचा प्रसंग मला ठाऊक नव्हता. त्यामुळे ‘गोऱ्याचा देह वाहणारे’ हे माझे शब्द मी मागे घेतो. मिशनविषयीचे मत मात्र बदललेले नाही. आपल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत कोणाच्याही सात पिढ्यांची नावे सापडतात, त्या गावाने या मुलांना इंग्रजी नावांवरच सोडून द्यावे, हे मला खुपते. त्याच तुकडीतील मॅथ्यू वेलिंग्टनचे मूळ नाव चेंग्विम्बे होते. पाटी लावायचीच असेल, तर चेंग्विम्बे हे नाव वेलिंग्टनच्या आधी यावे, ते पूर्व आफ्रिकेतील याओ लोकांतले होते हे लिहावे, चुमा आणि सुसी यांचा उल्लेख असावा, ‘सेवक’ हा शब्द कोठेही नसावा आणि लिव्हिंगस्टनचे नाव शेवटच्या ओळीत यावे. या अटींवर मी आपल्यासोबत अर्जावर सही करीन.