वेगवेगळ्या जुन्या पीसींवर लिनक्स आपोआप टाकता येईल का?

तालुक्याचा_मास्तर: नमस्कार मंडळी, आमच्या तालुक्यातल्या शाळांना एका ऑफिसातले वापरलेले पीसी मिळालेत, कुठे कोर टू ड्युओ प्रोसेसर, कुठे आय-थ्री, थोडे लॅपटॉप, एकासारखा एक नाही. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्येच संपला आणि ११ यातल्या बहुतेकांवर चालत नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टिम टाकायचीय. प्रत्येक गावात मला जाणं जमणार नाही. बाईंनी नाहीतर गुरुजींनी पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केली की बाकी सगळं आपलं आपण व्हावं, असं काही जमतं का?

पेंग्विन_सोलापूर: जमतं सर. डेबियनमध्ये (लिनक्सचाच एक प्रकार) प्रीसीड नावाची साधी टेक्स्ट फाइल असते, इन्स्टॉलर जे जे विचारतो त्याची उत्तरं त्यात आधीच लिहून ठेवायची, भाषा, कीबोर्ड, युजर, पॅकेजेस सगळं. डेबियन १२ पासून वायफाय चिपला लागणारे फर्मवेअर (छोटे प्रोग्रॅम) अधिकृत आयएसओतच, म्हणजे इन्स्टॉलच्या फाइलमध्येच, येतात, त्यामुळे लॅपटॉपचा निम्मा ताप कमी. क्लोनिंगच्या, म्हणजे एका मशीनची डिस्क जशीच्या तशी दुसरीवर उतरवण्याच्या, नादी लागू नका, मशीन सुरू करायची पद्धत एकीची जुनी बायोसवाली, दुसरीची नवी यूईएफआयवाली, डिस्कचे साइज वेगळे, गोंधळ होतो.

रात्रपाळी: सर, एक कळकळीची विनंती, डिस्कचं उत्तर फाइलमध्ये लिहू नका. लिनक्समध्ये एका मशीनवर डिस्कचं नाव एसडीए असतं, एनव्हीएमई (नव्या प्रकारची एसएसडी) असेल तर वेगळंच, आणि कधीकधी एसडीए म्हणजे तुमचा पेनड्राइव्हच निघतो. शिवाय कुणाच्या मशीनवर शाळेचे निकाल, दाखले असतील ते विचारायला कुणीतरी जागेवर हवंच ना, तेवढा एक प्रश्न थांबून विचारू दे. आणि बूट मेनू, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायची ते निवडायची यादी, पेनड्राइव्हच्या हातात नाही, डेलला एफ१२, एचपीला एफ९, ते प्रत्येक मशीनवर चिठ्ठी चिकटवूनच सांगावं लागतं.

माऊ_२२: पीसी अजून वाटले नसतील तर एकाच जागी सगळे लावा आणि मिंटचं (हाही लिनक्सचा प्रकार) ओईएम इन्स्टॉल करा, म्हणजे कंपनी नवा पीसी तयार करून देते तसं, मिंटच्या पेनड्राइव्हच्या सुरुवातीच्या मेनूतच पर्याय आहे. तुम्ही हार्डवेअर तपासून द्यायचं, शाळेत पहिल्यांदा चालू केल्यावर फक्त नाव, भाषा, पासवर्ड विचारतो. शिक्षकांना पार्टिशन (डिस्कचे भाग पाडणं) हा शब्दच दिसायला नको असं मला मनापासून वाटतं. एखाद्या लॅपटॉपची एसएसडी दिसली नाही तर बायोसच्या सेटिंगमध्ये डिस्कचा मोड आरएसटी बदलून एएचसीआय करा.

तालुक्याचा_मास्तर: अजून पंचायत समितीच्या खोलीतच आहेत सगळे, म्हणजे माऊताईंचं जमेल. नंतर जे पीसी येतील त्यांच्यासाठी प्रीसीड ठेवतो, डिस्कचा प्रश्न उघडा ठेवून. दोन जीबी रॅमवाल्यांना मिंट एक्सएफसीई, म्हणजे मिंटची हलकी आवृत्ती, चालेल का?

पेंग्विन_सोलापूर: चालेल पण ब्राउझरला दम लागेल, चार जीबी करा सर, जुनी डीडीआर३ रॅमची स्टिक स्वस्तात मिळते. कोर टू ड्युओवाल्यांना आधी जुन्या प्रकारची डीडीआर२ रॅम आहे का ते बघून घ्या, तिच्या जागी डीडीआर३ बसत नाही.