व्हिडिओ तोच, मग एव्ही१ फाइलच का अडखळते?

निमसाक्षर:
टीव्हीला जोडण्याचा काही वर्षांपूर्वीचा एक मीडिया प्लेअर माझ्याकडे आहे. एचईव्हीसी या व्हिडिओ आकसून साठवण्याच्या पद्धतीतला फोर-के व्हिडिओ त्यावर विनातक्रार चालतो आणि पेटी हाताला जेमतेम कोमट लागते. तोच व्हिडिओ एव्ही१ पद्धतीचा असला, की फाइल आकाराने लहान असूनही चित्र थांबत थांबत पुढे सरकते, आवाज चित्राला मागे टाकून निघून जातो आणि पेटी चांगलीच तापते. फर्मवेअर (पेटीच्या आतले सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर आवाजाचा एक नवा फॉरमॅट चालू लागला, एव्ही१ मात्र जिथल्या तिथेच आहे. प्रोसेसर चार कोअरचा असताना असे का व्हावे?

तारजोडणी:
एचईव्हीसी चालते तेव्हा ते चार कोअर जवळजवळ रिकामेच बसलेले असतात. काम करतो तो त्याच चिपच्या एका कोपऱ्यातला व्हिडिओ डिकोडर, म्हणजे आकसलेली फाइल उलगडून चित्र बनवणारा भाग. फोर-केच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात आणि सेकंदाला ६० फ्रेम धरल्या, तर दर सेकंदाला जवळपास ५० कोटी पिक्सेल तयार करावे लागतात. हे काम थोड्या विजेत उरकावे म्हणून डिकोडरच्या पायऱ्या सर्किटमध्येच कोरलेल्या असतात आणि अडचण नेमकी तिथेच आहे. एचईव्हीसी चित्राचे जास्तीत जास्त ६४ गुणिले ६४ पिक्सेलचे ठोकळे पाडते, तर एव्ही१मध्ये ते १२८ गुणिले १२८ पर्यंत जातात. शिवाय एचईव्हीसीचे बिट उलगडताना एका वेळी एकच 'हो की नाही' ठरवले जाते, तर एव्ही१मध्ये एका पायरीत १६ पर्यंत पर्यायांतून निवड होऊ शकते. एचईव्हीसीचे मानक २०१३चे आणि एव्ही१चे २०१८चे आहे. आधीच्यासाठी आखलेल्या सर्किटला नंतरचे शिकवता येत नाही. मग सगळा भार त्या चार कोअरवर येतो आणि पेटी तापते.

जुना ट्रान्झिस्टर:
आवाजाची गोष्ट वेगळी आहे, कारण ते काम बहुधा डीएसपीवर (आवाजासारख्या संकेतांची आकडेमोड करणाऱ्या खास प्रोसेसरवर) किंवा थेट मुख्य प्रोसेसरवर चालते आणि दोन्हीकडे ते प्रोग्रॅमच्या रूपात असल्यामुळे अपडेटने बदलता येते. डीएसपीची खरी करामत एकच आहे: दोन संख्यांचा गुणाकार करून तो चालू बेरजेत मिळवणे, आणि हे न थकता करत राहणे. १०० गुणकांचा एक साधा फिल्टर सीडीच्या स्टिरिओ आवाजावर लावला, तर सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची मोजमापे), दोन चॅनेल आणि दर नमुन्यामागे १०० गुणाकार मिळून सुमारे ८८ लाख गुणाकार होतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमएस३२०१० हा पहिल्या पिढीतला गाजलेला डीएसपी सेकंदाला ५० लाख सूचना पार पाडत असे, म्हणजे हा फिल्टरही त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. पुढे आलेल्या मोटोरोलाच्या ५६००० मालिकेत नमुने २४ बिटांचे होते, पण बेरजेची जागा ५६ बिटांची ठेवली होती. (ही रचना मला आजही देखणी वाटते.) २४ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार ४८ बिटांचा होतो आणि वरचे ८ बिट बेरीज ओसंडू नये म्हणून राखलेले असतात. आजच्या प्रोसेसरला मात्र आवाजाचा हा भार जाणवतही नाही.

निमसाक्षर:
आभारी आहे. मग फाइल घेण्यापूर्वी नुसते फॉरमॅटचे नाव पाहिले तर पुरेल का?

तारजोडणी:
पुरणार नाही, बिट डेप्थ (रंगाची नोंद किती बिटांत आहे) आणि प्रोफाइलही (फॉरमॅटचा कोणता उपप्रकार आहे) पाहा. एच.२६४ हा जुना व्हिडिओ फॉरमॅट इतका सर्वत्र चालतो, तरी त्याची १० बिटांची फाइल बहुतेक हार्डवेअर डिकोडर स्वीकारत नाहीत. मीडियाइन्फो या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली, की या सगळ्या नोंदी दिसतात. तुमच्या एव्ही१ फायली संगणकावर एचईव्हीसीमध्ये रूपांतरित करता येतील, पण त्यात वेळ बराच जातो आणि चित्राचा दर्जाही थोडा घसरतो. त्यापेक्षा मूळ एचईव्हीसी प्रत मिळत असेल, तर तीच ठेवा.